पिशवी काढली म्हणजे नेमकी कोणती?

या पानावर मी एरवी करपा, खोडकिडा, भेंडीचा हळद्या आणि युरिया-डीएपी ब्रिकेट यांवर लिहिते. आजचा विषय वाचून काही जण म्हणतील, कृषी खात्याच्या बाईला हे कुणी सांगितलंय? प्रश्न रास्त आहे. पण गावोगाव फिरताना रोपवाटिकेच्या वाफ्याशी बसलं की बायका पिकाबद्दल दोन वाक्यं बोलतात आणि दुखण्याबद्दल दहा. दवाखान्यात पुरुष डॉक्टर, घरात सासरा, दीर. मग सांगायचं कुणाला? बांधावर आलेल्या मॅडमला. त्यातलंच एक दुखणं गेली तीन वर्षं मी जवळून बघते आहे. सरपंच, ग्रामसेवक भाऊसाहेब आणि आरोग्य खात्याच्या मंडळींनीही हे वाचावं, म्हणून मुद्दाम लिहिते.

आपल्याकडे 'पिशवी काढली' म्हटलं की ऐकणारा गर्भपिशवीच समजतो. पण लघवी साठते ती मूत्राशयाची पिशवी वेगळी. ती काढली तर पोटावर बाहेरून लावायची, लघवी गोळा करणारी पिशवी आणखी वेगळी. एकाच शब्दाच्या तीन पिशव्या झाल्या, आणि या गोंधळात आमच्या एका मावशींचे आठ महिने वाया गेले.

मावशी आंबिवलीच्या पलीकडच्या एका गावातल्या. नाव देत नाही, देण्याची गरजही नाही. वय पन्नाशीच्या पुढे. सव्वा एकर भात, विहिरीवर पावसाळ्यानंतर काकडी, भेंडी, वाल. नवऱ्याची कंपनी बंद पडल्यापासून घर याच भाजीवर चालतं. अकरा वर्षांपूर्वी त्यांना गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाला होता. मुंबईला जाऊन शेक घेतले, औषधाच्या सलाईन घेतल्या आणि बऱ्या झाल्या. पाच वर्षं नियमाने तपासणीला गेल्या, मग 'आता काय, झालं बरं' म्हणून जाणं सोडलं. फाईल पत्र्याच्या पेटीत गेली.

तीन वर्षांपूर्वी भाताचा वाफा बघायला गेले तेव्हा मावशी तासाभरात चार वेळा उठून गेल्या. विचारलं तर म्हणाल्या, "उन्हाळी लागल्येय मॅडम. सब्जा घेतंय, धन्याचं पाणी घेतंय." कधीपासून? "झालं की वरीस." रंग कसा आहे विचारलं तेव्हा थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "लाल."

वर्षभर लाल लघवी येणाऱ्या बाईला सब्ज्याने बरं वाटणार नाही, एवढं कळायला डॉक्टर असावं लागत नाही. पण तोवर त्या तीन ठिकाणी जाऊन आल्या होत्या. प्रत्येक ठिकाणी लघवीच्या जंतूंवरच्या गोळ्या मिळाल्या. एकानेही विचारलं नाही की बाई, पूर्वी शेक घेतले होते का? आणि मावशींनीही सांगितलं नाही, कारण अकरा वर्षांपूर्वीच्या दुखण्याचा आजच्या लघवीशी संबंध असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही आलं नसतं. पुढे त्यांच्याबरोबर दोन-तीन वेळा दवाखान्यात बसले तेव्हा डॉक्टरांनी समजावलं आणि मला ते आपल्या भाषेत समजलं.

भातखाचरात तणनाशक मारताना वारा सुटला तर फवारा शेजारच्या भेंडीवर जातो. आपण मारतो तणावर, चट्टा बसतो भेंडीच्या पानावर. शेकांचं तसंच आहे. गर्भाशयाच्या मुखाच्या पुढे मूत्राशय आणि मागे गुदाशय, मध्ये बोटभरसुद्धा जागा नाही. आठवड्याचे ५ दिवस, साधारण ५ आठवडे बाहेरून शेक आणि त्यानंतर आतून नळी घालून शेक. गाठ जळते, पण शेजाऱ्यांना थोडी झळ लागतेच. त्या वेळची जळजळ काही आठवड्यांत शमते. दुसरी झळ मात्र उशिरा दिसते, कधी सहा महिन्यांनी, कधी दहा-पंधरा वर्षांनी. मूत्राशयाच्या अस्तराला रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू आक्रसतात. अस्तर पातळ होतं, भिंत चिवट आणि आखूड होते, पिशवीत पूर्वीएवढी लघवी मावत नाही. शरीर नव्या रक्तवाहिन्या फोडतं, पण त्या इतक्या नाजूक की जराशा निमित्ताने रक्त वाहतं. काहींच्या मूत्राशयाला योनीकडे भोक पडतं आणि लघवी रात्रंदिवस झिरपत राहते. काहींची मूत्रपिंडाकडून येणारी नळी आवळते आणि मूत्रपिंड मुकाट्याने फुगत जातं. यात दुखत नाही, म्हणून ते जास्त वाईट.

पुरुषांनी हे बायकांचं दुखणं म्हणून पान उलटू नये. प्रोस्टेटच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगातही ओटीपोटाला शेक देतात आणि तीच झळ त्यांनाही लागते. शिवाय लघवीला रक्त म्हणजे दरवेळी जुन्या शेकांचाच परिणाम असंही नाही. मूत्राशयाचा नवा कर्करोगही असू शकतो. शेकांमुळे त्याचा धोका थोडा वाढतो आणि विडी-सिगारेटमुळे बराच. म्हणून दुर्बिणीने आत बघितल्याशिवाय निदान होत नाही.

इथे एक खुलासा करते, नाहीतर माझा लेख वाचून कुणी शेकच नाकारेल. शेकांमुळे जीव वाचतात. परळच्या टाटा रुग्णालयाने २००३ ते २०१५ या काळात ६३३ महिलांवर दोन उपचारांची तुलना केली आणि २०१८ साली निष्कर्ष छापले. आधी औषधं देऊन मग शस्त्रक्रिया केलेल्या गटात ५ वर्षांनी रोग न उलटलेल्या महिला ६९.३ टक्के, आणि शेक व औषध एकत्र दिलेल्या गटात ७६.७ टक्के. त्याच अभ्यासात दोन वर्षांनंतर मूत्राशयाच्या तक्रारी शेक घेतलेल्यांत ३.५ टक्के होत्या. म्हणजे शंभरात तीन-चार. पण ज्या बाईच्या वाट्याला ते येतं तिला शंभराचा हिशेब सांगून काय उपयोग? यंत्रंही सुधारली आहेत. टाटाच्याच दुसऱ्या एका अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर शेक लागलेल्या ३०० महिलांपैकी नव्या, नेमक्या मारा करणाऱ्या पद्धतीने शेक दिलेल्यांत ३ वर्षांत आतड्याचे उशिराचे त्रास सुमारे २१ टक्के, तर जुन्या पद्धतीत ४२ टक्के दिसले. हे २०२१ साली प्रसिद्ध झालं. आनंदाची गोष्ट आहे. मात्र आपल्या गावांत आज पन्नास-साठीच्या ज्या बायका आहेत त्यांतल्या बहुतेकींनी जुन्या यंत्रांवर शेक घेतलेले आहेत, आणि त्यांचं पुढचं दुखणं अजून यायचं असेल.

मावशींचं काय झालं ते सांगते. दुर्बिणीने तपासलं, नवा कर्करोग नव्हता. रक्ताच्या गुठळ्या धुऊन काढल्या, वाहणाऱ्या जागा आतून डागल्या. दोन महिने बरे गेले. मग ऐन लावणीत, रात्री अकराला गुठळ्यांनी लघवी अडली. पोट तटतटून फुगलं. भाजीच्या टेम्पोत घालून नेलं, रक्ताच्या बाटल्या चढवल्या. पुन्हा धुणं, पुन्हा डागणं. दाबाच्या बंद खोलीत बसवून शुद्ध प्राणवायू देण्याचा एक उपचार आहे, तीस-चाळीस बैठका लागतात. युरोपातल्या उत्तरेकडच्या देशांत त्याची पद्धतशीर परीक्षा झाली, २०१९ साली चांगले निष्कर्ष आले. अनेकांची पिशवी त्याने वाचते. पण रोज एवढ्या बैठकांना गावाहून जाणं आणि तो खर्च, दोन्ही मावशींच्या आवाक्याबाहेरचं होतं, आणि मूत्राशय तोवर मूठभर उरलं होतं. शेवटी डॉक्टर म्हणाले, पिशवी काढावी लागेल.

घरी येऊन मुलाने तेवढंच सांगितलं आणि घरात गहजब झाला. थोरली जाऊ म्हणाली, "तिची पिशवी या वयात कशाला काढता? पैशे उकळायला?" या जाऊबाईंना मी हसणार नाही. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या गरज नसताना काढल्याचं प्रकरण २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेलं, ते टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं आहे. 'पिशवी काढा' या शब्दांवर खेड्यातल्या बाईचा विश्वास उरला नसेल तर तो दोष तिचा नाही. पण इथे पिशवी दुसरी होती, आणि हे समजावून सांगायला कागदावर चित्र काढून देणारं कुणी भेटलं नाही. दुसरी ओरड पोटावरच्या पिशवीची. ती लावलेली बाई देव्हाऱ्यापाशी कशी जाईल, स्वयंपाक कसा करील, वास येईल, सोयरे काय म्हणतील. या सगळ्यात आठ महिने गेले आणि मावशींना सहा वेळा रक्त चढवावं लागलं.

आता शस्त्रक्रिया काय असते ते नीट सांगते, कारण भीती बरीचशी न कळल्याची असते. मूत्राशय काढून टाकतात. मग आतड्याचा वीतभर तुकडा वेगळा करतात आणि उरलेलं आतडं पुन्हा जोडतात, जेवणखाण पूर्वीसारखंच राहतं. मूत्रपिंडांकडून येणाऱ्या दोन्ही नळ्या त्या तुकड्याच्या एका टोकाला शिवतात आणि दुसरं टोक बेंबीच्या उजव्या अंगाला पोटावर बाहेर काढतात. विहिरीवरून येणारे दोन पाट एका सिमेंटच्या पाइपात सोडून पाइपाचं तोंड बांधाबाहेर काढावं, तसं. ते तोंड लालबुंद आणि ओलं असतं, हात लावला तरी दुखत नाही. लघवी तिथून थेंब थेंब सतत येते, ती रोखता येत नाही, म्हणून वर चिकटणारी पिशवी. तिसरा हिस्सा भरली की खालचा कोंबडा उघडून संडासात ओतायची. पूर्ण पिशवी तीन ते पाच दिवसांनी बदलायची. रात्री मोठ्या पिशवीला नळी जोडून झोपायचं. पिशवी नीट बसली असेल तर वास येत नाही. मी त्यांच्या शेजारी बसून जेवले आहे.

शेक घेतलेल्या पोटात हे काम अवघड असतं, हेही लपवू नये. ज्या आतड्याचा तुकडा घ्यायचा त्यालाही झळ लागलेली असते, टाके लवकर धरत नाहीत, गळती होते. म्हणून अशा रुग्णाला अनुभवी शल्यविशारद बरेचदा झळ न लागलेल्या मोठ्या आतड्याचा आडवा भाग वापरतात. आतड्याचंच नवं मूत्राशय शिवून आत बसवण्याची शस्त्रक्रियाही असते, पण शेकलेल्या पोटात ती फार जपून, निवडक रुग्णांतच करतात. सांगायचं काय, हे जवळच्या कुठल्याही इस्पितळात उरकायचं काम नाही. मावशींची जखम भरायला पाच आठवडे लागले आणि मध्ये एकदा आम्ही सगळ्यांनी आशा सोडली होती.

एक गोष्ट मला फार आवडली. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तिथल्या सिस्टरनी मावशींना लुगडं नेसायला लावलं, खाली बसवलं, वाकवलं, आणि मग पेनाने पोटावर खूण केली. कासोट्याची गाठ जिथे येते तिथे तोंड काढलं तर पिशवी दाबली जाऊन गळते. वाकल्यावर जिथे वळी पडते तिथेही चिकटत नाही. शेतात काम करणाऱ्या बाईसाठी ही खूण अर्धी शस्त्रक्रियाच म्हणा. ज्यांच्या घरी अशी वेळ येईल त्यांनी ही खूण आधी करून घ्यायचा आग्रह धरावा.

आता खर्च आणि प्रवास, म्हणजे खरं दुखणं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रेशनकार्ड व आधारवर वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार होतात, कर्करोगाच्या बऱ्याच शस्त्रक्रिया त्यात आहेत. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे आधी चौकशी करावी, बिल भरून मागून धावू नये. मुंबईत राहायचं झालं तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने आपल्या लोकांना वर्षानुवर्षं आसरा दिलेला आहे. रेल्वेची एक सवलत तर आंबिवली स्टेशनवर शंभरातल्या एकालाही ठाऊक नसेल. पोटावर अशी पिशवी असलेल्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला मासिक व तिमाही पासात ५० टक्के सूट आहे. ही सवलत आजही चालू आहे, दवाखान्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. लोकलमध्ये संडास नसतो, आंबिवली ते दादर सव्वा-दीड तास. तेव्हा घरून निघताना पिशवी रिकामी करून निघायचं आणि अपंग व कर्करुग्णांच्या डब्यात बसायचं. त्या डब्यातून धडधाकट माणसांनी उतरावं, एवढी तरी लाज आपण बाळगू शकतो.

पिशव्यांचा महिन्याचा खर्च मात्र मावशी भाजीच्या पैशातून करतात. पैसे कमी पडले की तीन दिवसांची पिशवी आठ दिवस ओढतात आणि कातडी सोलून निघते. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, त्यात पोटावरची पिशवी नाही. म्हणजे दाखला नाही, आणि ग्रामपंचायतीचा दिव्यांगांसाठीचा ५ टक्के निधीही मागता येत नाही. पण ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी असतात. त्यातून बऱ्याच ठिकाणी शिलाई यंत्रं आणि कुकर वाटतात, मी ते समारंभ बघितलेले आहेत. माझं म्हणणं, त्याच पैशातून गावातल्या एका-दोन बायांना पिशव्या द्यायचा ठराव का होऊ नये? भाऊसाहेब म्हणतील, नियमात बसतं का? बसवून बघा. ठराव करून पंचायत समितीकडे मार्गदर्शन मागवा, 'नाही' म्हणायचं असेल तर त्यांना लेखी म्हणू द्या.

आणि आशाताईंना एक विनंती. गावात पूर्वी ओटीपोटाला शेक घेतलेल्या बाया किती, याची यादी कुणाकडे आहे? माझ्याकडे कुणाच्या किती गुंठ्यांत कुठलं वाण आहे त्याची नोंद असते. १९८७ साली बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तिथे खेडोपाडी जाऊन रुग्ण शोधून लिहून ठेवले. मुंबईपासून दीड तासावरच्या आपल्या गावांत एक वही ठेवणं जमू नये? त्या वहीतल्या प्रत्येकीला वर्षातून एकदा विचारायचं, लघवीला रक्त येतं का, गळते का, पायावर सूज आहे का. होय म्हणाली तर गोवेलीच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जिथे शेक घेतले तिथे पाठवायचं, शेकांच्या फाईलसकट. ती फाईल सातबाऱ्याच्या पिशवीतच ठेवा, म्हणजे हरवणार नाही.

हा रोग मुळात टळण्यासारखा आहे, तेही दोन शब्दांत सांगते. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, खेड्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिलांवर मोठा अभ्यास झाला. एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी केलेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ साली सिद्ध झालं. पुण्याच्या सीरम कंपनीची देशी लसही आली आहे. मुलींसाठी तिची चौकशी करा.

शेवटी माझ्या खात्याचा विषय. शस्त्रक्रियेनंतर जड उचलायचं नाही, नाहीतर त्या जागी अंतर्गळ होतो. चिखलात दिवसभर वाकून लावणी नको, घामाने आणि वाकण्याने पिशवी सुटते. पाणी भरपूर प्यायचं, आणि आपल्या बायका तर शेतात संडासाला जावं लागेल म्हणून पाणीच पीत नाहीत. मावशींना म्हटलं, लावणीच सोडून देऊ. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा राईस तंत्रात गादीवाफे एकदाच करायचे, चिखलणी नाही, लावणी नाही, साच्याने भोकं पाडून बी टोकायचं. गेल्या खरिपात अर्ध्या एकरावर केलं. टोकणी सुनेने आणि मुलाने केली, मावशी बांधावर छत्री घेऊन बसल्या आणि ओळ वाकडी गेली की ओरडत होत्या. तण मात्र माझ्या अंदाजापेक्षा जास्त उठलं, त्यावरून त्यांनी मला बरंच ऐकवलं.

विहिरीशेजारी नवऱ्याने त्यांच्यासाठी चार पत्र्यांचा आडोसा, पाण्याचा नळ आणि कमरेएवढ्या उंचीचा ओटा केला आहे. पिशवी रिकामी करायला घरापर्यंत यावं लागत नाही. जुनी पिशवी धुऊन, कागदात गुंडाळून कचऱ्यात जाते, शेतात टाकत नाहीत. ऑगस्टच्या ग्रामसभेला येऊन पिशव्यांचा विषय स्वतः मांडणार का, असं विचारलं तर मावशी म्हणाल्या, "मी बोलेन, पण पयले बापयांना बाहेर काढा." मी म्हटलं, बापयांनीच तर ऐकायचंय. त्यावर त्यांचं अजून उत्तर आलेलं नाही.